बादली तापवा, खोली नको

डिसेंबर लागला की संगमेश्वरच्या बाजारपेठेत आणि देवरुखच्या विजेच्या दुकानांत रूम हीटर दर्शनी फळीवर येतो. खोक्यावर बर्फाचे डोंगर छापलेले, किमतीवर सूट, शेजारी ‘हप्त्याने मिळेल’ची पाटी. स्पष्टच सांगतो, हे यंत्र आपल्या तालुक्यासाठी नाही. ते घेऊ नका. घेतलं असेल तर दुकानदार परत घेतो का ते विचारा.

आकडेच मांडतो. असा हीटर बहुधा २००० वॉटचा असतो, म्हणजे तासाला २ युनिट. रोज तीन तास लावला तर महिन्याला १८० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर एक आणि १०१ ते ३०० युनिटांचा दुसरा. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्याच्या साधारण दुपटीने पडतं. आपल्याकडची कितीतरी घरं दिवे, पंखा, टीव्ही, फ्रिज धरून शंभराच्या अलीकडे-पलीकडेच असतात. अशा घरात हीटरचं जवळजवळ प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातून जातं. आणि एवढे पैसे मोजून मिळतं काय? कौलारू घरात तापलेली हवा वर जाते आणि कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते. ते सांधे बंद नाहीत यात घर बांधणाऱ्याची चूक काहीच नाही. चुलीचा धूर निघावा आणि वैशाखात हवा खेळावी म्हणून ते छप्पर तसं आहे. स्लॅबच्या घरातही दाराखालची फट, खिडकीची जाळी आणि न्हाणीघराचा झरोका उघडाच असतो. हीटर बंद केला की पाव तासात खोली होती तशी.

मुळात आपली थंडी कसली आहे ते बघा. रात्री सह्याद्रीकडून मतलई वारा सुटतो, डोंगरावरची गार हवा खाली उतरते आणि शास्त्री-सोनवीच्या खोऱ्यात साठून राहते. म्हणून समुद्राकाठच्या रत्नागिरीत पंखा चालू असतो त्याच रात्री कसब्यात आणि देवरुखात दोन पांघरुणं लागतात. पण ही थंडी पहाटे तीनपासून सकाळी आठ-नऊपर्यंतची. नदीवरचं धुकं उठलं की अंगातला स्वेटर निघतो आणि दुपारी ऊन चटके देतं. चोवीस तास गोठलेल्या घरासाठी केलेली यंत्रं पाच-सहा तासांच्या गारव्यावर लावायची, हा हिशेब कुठेच बसत नाही.

शिवाय ही थंडी आपल्याला हवी आहे. हापूसला मोहोर फुटायला रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरावा लागतो. थंडी लांबली की मोहोर लांबतो, आणि पहिली पेटी बाजारात जायला उशीर झाला की बागायतदाराचा भाव पडतो. ज्या गारव्यावर आपल्या जिल्ह्याचं वर्षाचं उत्पन्न उभं आहे त्याला शत्रू मानण्याचं कारण नाही. अंगाला तो सोसेल असं करायचं, एवढंच.

आता खऱ्या खर्चाकडे येतो. कोकणातल्या हिवाळ्याचा खर्च खोलीचा नसतो, अंघोळीच्या पाण्याचा असतो.

२० लिटरची एक बादली, पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं, तर उष्णता लागते ४०० किलोकॅलरी. एका युनिटात ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे माणशी बादलीला साधारण अर्धं युनिट. पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे ७० युनिट. हेच कुटुंब शॉवरखाली दहा-दहा मिनिटं उभं राहिलं, तर माणशी ८० लिटर पाणी सहज जातं आणि महिन्याचा आकडा २८० युनिटांच्या घरात पोचतो. अंघोळ तीच, माणसं तीच, बिल चौपट. मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या मंडळींनी गावच्या घरात शॉवर बसवून दिले आहेत. बसवा, पण मे महिन्यासाठी ठेवा. हिवाळ्यात बादली आणि तांब्या यांच्याइतकी काटकसर दुसऱ्या कशात नाही. अंगावर तांब्या तांब्याने पडणारं पाणी माणूस जपून वापरतो. वरून आपोआप पडणारं पाणी कोणी जपत नाही.

गॅसवर पाणी तापवलं तर? शेगडीची बरीचशी आच पातेल्याच्या बाजूने निघून जाते. ती वजा जाता पाच बादल्यांना महिन्याला आठ-नऊ किलो गॅस लागतो. सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे अर्ध्याहून जास्त सिलिंडर न्हाणीघरात गेला. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हापासून गावागावांत सिलिंडर पोचला, तरी अंघोळीची चूल परसदारी पेटतीच राहिली याचं कारण हेच आहे. गॅस भातासाठी राखून ठेवायचा आणि पाणी लाकडावर तापवायचं, हा बायकांनी केलेला हिशेब आहे आणि तो चोख आहे.

एक युक्ती मात्र फार थोड्या घरांत पाळली जाते, आणि तिला एक पैसा लागत नाही. आपल्याकडे विहिरीचा पंप संध्याकाळी लावतात, गच्चीवरची टाकी भरून ठेवतात. ते पाणी रात्रभर उघड्या आभाळाखाली गार होतं आणि पहाटे आपण तेच विकतच्या विजेने तापवतो. खोल विहिरीचं पाणी मात्र बारा महिने जवळपास सारखंच राहतं, आपल्या भागात २५-२६ अंशांच्या आसपास. म्हणून डिसेंबरच्या पहाटे विहिरीवर वाफ दिसते आणि रहाटाने ओढलेलं पाणी हाताला कोमट लागतं. पंप संध्याकाळऐवजी पहाटे लावा आणि ताजं पाणी थेट बादलीत किंवा बंबात घ्या. वीस अंशांवरून चाळीसवर नेण्याऐवजी सव्वीसवरून चाळीसवर न्यायचं, म्हणजे दर बादलीमागे तीस टक्के इंधन वाचलं. नळपाणी योजनेचं पाणी असेल तर उलट करा: म्हातारी माणसं आणि घरात असणारी मुलं यांची अंघोळ अकरा-बाराला ठेवा. तोवर गच्चीवरची काळी टाकी उन्हाने तापलेली असते. पहाटे पाचला अंघोळ झालीच पाहिजे असा दंडक सत्तरीतल्या माणसाला लावू नये. त्याला डॉक्टरही नको म्हणतील.

गिझर असेल त्यांना दोनच गोष्टी सांगायच्या. तो सकाळभर चालू ठेवू नका. १५ लिटरच्या टाकीला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पुढे तापलेलं पाणी निवत जातं आणि यंत्र तेच पुन्हा पुन्हा तापवतं. आणि तापमानाची चकती सर्वांत वर फिरवून मग त्यात दीड बादली गार पाणी मिसळू नका. हवं तितकंच तापवलं तर टाकीतून वाया जाणारी उष्णता कमी होते आणि आत क्षारही कमी धरतात.

बंबाबद्दल लिहायला मला जागा हवी आहे. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेला तांब्याचा बंब कोकणातल्या कितीतरी घरांत आहे. आज तो माळ्यावर पडलेला आहे किंवा शोभेला दिवाणखान्यात आणून त्यात सुकी फुलं खोवलेली आहेत. तो खाली आणा. उघड्या चुलीवर हंडा ठेवला की जाळ हंड्याच्या बुडाला लागतो आणि कडेने उडून जातो. लाकडातल्या उष्णतेचा दहावा-सातवा हिस्सा जेमतेम पाण्यात उतरतो. बंबात जाळ मधल्या नळीत असतो आणि पाणी त्याच्या चहूबाजूंनी. धूर बाहेर पडेपर्यंत त्याची ऊब पाण्यातच जिरते. कारागिरांनी हे गणित प्रयोगशाळेशिवाय सोडवलं होतं. नारळाची चार सोडणं, मूठभर करवंट्या, एखादं वाळलेलं चुडत एवढ्यावर दोन माणसांची अंघोळ निघते, आणि हे इंधन आपल्या आगरात पडून कुजत असतं. चुलीच्या शेजारचा वैलही त्याच बुद्धीचा. मुख्य भांड्याखालची उरलेली आच त्या दुसऱ्या तोंडातून जाते आणि त्यावरचं पाणी कोमट होतं, वेगळं लाकूड न घालता. घर नव्याने बांधताना वैल गाळला, कारण त्या जागी ओटा आला. परसदारी चूल ठेवणार असाल तर वैलासकट घाला.

पण लाकूड फुकट असतं असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पंधरा-वीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन उतारावरून येते ती बाई असते. फाटी फोडते तीच, पहाटे धुरात बसून फुंकणी मारते तीच, आणि खोकला घेऊन दवाखान्यात जाते तीही तीच. घरातला पुरुष गरम पाण्याची बादली उचलतो तेव्हा त्या बादलीत तिची दोन तासांची पहाट गेलेली असते. तिच्या श्रमाची पावती येत नाही म्हणून ते पाणी स्वस्त ठरत नाही. मी बंबाची बाजू घेतो ती सोडणं-करवंट्यांवर चालणाऱ्या, परसात उघड्यावर ठेवलेल्या बंबाची. आणि तो पेटवायचं काम घरातल्या तरुण मुलाने करावं. दहा मिनिटांचं काम आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्यात कमीपणा वाटत असेल तर त्याने त्या दिवशी गार पाण्याने अंघोळ करावी.

झोपेकडे वळतो. थंडी वाजते तेव्हा आपण वर आणखी एक पांघरूण टाकतो. खाली मात्र लादी, तिच्यावर पातळ सतरंजी. अंगातली ऊब वरून जाते त्याहून झपाट्याने त्या लादीत उतरते. जुन्या घरात जमीन शेणाने सारवलेली असायची, पायाला ती लादीइतकी गार लागत नसे. लादीचं तसं नाही. दोन गोधड्या असतील तर एक खाली घाला. खाटेवर झोपत असाल तरी गादीखाली गोणपाट किंवा जाड चटई टाका, कारण खाटेखालून गार हवा वाहते. गोधडी, वाकळ, म्हणाल ते म्हणा, तिच्यातली खरी ऊब लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची आहे. म्हणून आठवड्यातून एकदा ती उन्हात टाका; दमट झालेली गोधडी ऊब धरत नाही, आणि कोकणात कपडा दमट व्हायला वेळ लागत नाही. घोंगडीचं याउलट. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, म्हणून घाटावरच्या धनगरांची घोंगडी पावसाळ्यातही अंगावर असते. संक्रांतीला मार्लेश्वरची यात्रा भरते. देवाचं लग्न साखरप्याच्या गिरिजादेवीशी लागतं आणि सह्याद्रीच्या कुशीत, धबधब्याच्या गारठ्यात, हजारो माणसं रात्र काढतात. त्यांच्याकडे काय असतं? एक कांबळं, कानाला मफलर, आणि मध्ये चार ओंडक्यांची शेकोटी.

आणखी एक स्वस्त वस्तू म्हणजे रबराची गरम पाण्याची पिशवी. दोन लिटर पाणी सत्तर अंशांपर्यंत तापवायला एका युनिटाचा आठवा हिस्सा लागतो. ती पांघरुणात पायाशी ठेवली तर मध्यरात्र निभते. हीटर चार मिनिटांत तेवढी वीज खातो. फक्त पिशवी जाड फडक्यात गुंडाळा, आणि मधुमेहाच्या माणसाच्या उघड्या पायाला कधी लावू नका; त्याला भाजलेलं कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

जुन्या घरात म्हातारी माणसं माजघरात झोपायची. माजघराला बाहेरची भिंत जवळजवळ नसते: पुढे ओटी-पडवी, मागे स्वयंपाकघर, वर भाताच्या कणग्या आणि पेंढ्याने भरलेला माळा. म्हणजे चारही बाजूंनी आणि वरूनही पांघरूण. आता आईवडिलांना गच्चीखालची ‘स्वतंत्र खोली’ दिली जाते. दोन भिंती बाहेरच्या, वर उघडा स्लॅब, उत्तरेला खिडकी. ती घरातली सगळ्यात गार खोली असते. हिवाळ्याचे दोन महिने त्यांची खाट आतल्या खोलीत आणा. दक्षिणेच्या खिडकीचा पडदा दिवसा उघडा ठेवा. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारी सूर्य माथ्यावर नसतो, दक्षिणेला झुकून सुमारे पन्नास अंशांवर असतो आणि ऊन आत येतं. सूर्य मावळताना खिडक्या लावून घ्या. दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी ठेवा. याला खर्च शून्य. आणि रात्रीच्या जेवणात कुळथाचं कढत पिठलं, नाचणीची भाकरी वाढा. जेवण वेळेवर आणि गरम मिळालं की म्हाताऱ्या माणसाची अर्धी थंडी जाते.

आता जिथे काटकसर करायची नाही ते सांगतो.

बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपू नका. बाळंतिणीच्या बाजेखाली ओवा-शेपाच्या धुरीची शेगडी ठेवायची आपली पद्धत आहे. कौलारू घरात ती निभून गेली, कारण वरून हवा जात होती. सरकत्या काचेच्या खिडक्या लावलेल्या खोलीत तीच शेगडी जीव घेते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. शेकायचं तर दार-खिडकी उघडी ठेवून, जागं राहून, आणि झोपण्याआधी निखारे बाहेर. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत बसवला असेल तर तोही आजच बाहेर काढा. दार लावून अंघोळ करणाऱ्याला तो तसाच गुदमरवतो.

बादलीत सोडायचा रॉड तितकाच घातक आहे, आणि तो सगळ्यात जास्त घरांत आहे. पाणी तापलं का ते बटण बंद करून आणि प्लग काढूनच बघायचं, हा नियम लहान मुलांना अक्षरांबरोबर शिकवा. मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज माणसाच्या अंगातून वाहू लागली की ती क्षणात प्रवाह तोडते. आपल्या जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, आणि पाऊस सरला की माती कोरडी पडून आणखीच बिघडतं. हिवाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, आणि वायरमनला बोलावून एकदा मोजून घ्या. हे पैसे वाचवायचे नसतात.

सूर्यावर पाणी तापवायच्या यंत्राचं काय, असं विचारलं जातं. हिवाळा म्हणजे आपल्याकडे निरभ्र आभाळाचे महिने, तेव्हा यंत्र उत्तम चालतं. १०० लिटरचं यंत्र वर्षाला १५०० युनिटांपर्यंत वाचवतं असा सरकारी अंदाज आहे. कोकणात चार महिने आभाळ झाकलेलं असतं, म्हणून इथे तेवढी अपेक्षा धरू नका. खरी अडचण वानरांची आहे. काचेच्या नळ्यांवरून एक टोळी उडाली की हप्ते आपण फेडत बसायचं. घ्यायचं असेल तर वर मजबूत जाळीचा पिंजरा धरूनच खर्च मोजा, किंवा सपाट पत्र्याच्या तावदानाचं घ्या. छपरावरच्या विजेच्या पॅनेलला २०२४ पासून ‘सूर्य घर’ योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं आहे. पण ज्या घराचा वापर शंभर युनिटांच्या आत आहे त्याने फक्त गिझर चालवायला म्हणून पॅनेलच्या मागे लागू नये. त्याला अंगणात उन्हात ठेवलेली काळी पिंपं आणि दुपारची अंघोळ पुरते.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते.

तुरळ, राजवाडी, आरवली. तिन्ही गावं आपल्याच तालुक्यातली, मुंबई-गोवा महामार्गाच्या आसपासची. तिन्ही ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येतं, रात्रंदिवस, कोणाच्या मीटरवर न चढता. तुरळचं पाणी साठ अंशांच्या आसपास असतं, थेट अंगावर घेता येत नाही. राजवाडीचं त्याहून थोडं कमी. आरवलीचं चाळिशीतलं, थेट अंघोळीजोगं. हा चमत्कार नाही आणि इथे ज्वालामुखीही नाही. पावसाचं पाणी कातळाच्या खोल भेगांतून खूप खाली उतरतं, खोलीबरोबर वाढणाऱ्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून दाबाने वर येतं. ठाण्याच्या अकलोली, गणेशपुरीपासून दापोलीच्या उन्हवऱ्यावरून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत किनारपट्टीला समांतर अशी झऱ्यांची ओळच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या ओळीचा अभ्यास कित्येक दशकांपूर्वीपासून केला. केंद्र सरकारने १९६६ साली गरम झऱ्यांसाठी समितीही नेमली. अहवाल झाले, नकाशे झाले. झऱ्याच्या शेजारच्या घरात मात्र आजही रॉडच बादलीत सोडला जातो.

आइसलंडमध्ये रेक्याविक शहराजवळ असाच एक झरा होता. गावच्या बायका तिथे कपडे धुवायला चालत जायच्या. १९३० साली तिथून सुमारे तीन किलोमीटर नळ टाकून पाणी आणलं आणि एक शाळा, काही घरं गरम केली. आज त्या देशातली दहापैकी नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर गरम राहतात. फ्रान्समधल्या शोद-एग नावाच्या छोट्या गावाने ८२ अंशांच्या झऱ्याचं पाणी चौदाव्या शतकापासून घराघरांत फिरवलं. त्यांची थंडी जीवघेणी होती म्हणून त्यांना ते करावं लागलं. आपल्याला घरं तापवायची नाहीत. आपल्याला फक्त अंघोळ हवी आहे, आणि ती नळसुद्धा न टाकता मिळते आहे.

वीजप्रकल्पाची, आलिशान आरोग्यधामाची भाषणं मला नकोत. ती आली की झरा गावाच्या हातून जातो. मागणी त्याहून खूप लहान आहे. कुंडाला लागून बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी, दार असलेली न्हाणीघरं. म्हाताऱ्या माणसाला धरायला कठडा, पायाखाली खरबरीत फरशी. साठ अंशांचं पाणी थंड पाण्यात मिसळून चाळीसवर आणणारा साधा हौद आणि भिंतीवर तापमान दाखवणारी काट्याची एक तबकडी. साबण, शाम्पू आणि कपडे कुंडाच्या बाहेर. सांडपाण्याला स्वतंत्र गटार. झऱ्याच्या तोंडाशी काँक्रीट नको, आसपास नवी बोअर नको, कारण भेगेतून येणारं पाणी वाट बदललं की परत आणता येत नाही. महामार्गाच्या कामात, हॉटेलाच्या पायात किंवा कुणाच्या कंपाउंडात कुंड अडकू नये यासाठी त्याची मोजणी आणि सात-बारावरची नोंद गावाने तपासून ठेवावी.

एवढं झालं तर आसपासच्या वाड्यांतली म्हातारी माणसं डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून दोन-तीनदा तिथे सुखाने अंघोळ करतील. संधिवाताच्या गुडघ्यांना गरम पाण्यात आराम पडतो, हे सांगायला कोणी लागत नाही. पाणी रोग बरे करतं असा दावा मी करत नाही. गरम पाणी गरम असतं, आणि थंडीत म्हाताऱ्या हाडांना तेवढं पुरे.

२६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा आहे. तुरळ, राजवाडी, आरवलीच्या ग्रामस्थांनी कुंडाच्या डागडुजीचा विषय आधी लेखी द्यावा, कार्यवृत्तात त्याची नोंद झाली का ते बघावं, आणि बायकांनी पुढच्या रांगेत बसून न्हाणीघराची मागणी स्वतः मांडावी. बाकीच्या गावांनी त्याच सभेत शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आरसीसीबीचा, अर्थिंगचा प्रश्न विचारावा.